हाकेचं नाव

झेनोनास बुद्रिकासचा घसा सकाळी अकराच्या आत उघडत नसे. उठून तो स्वयंपाकघरात येऊन बसायचा, बायको एल्वीरा त्याच्यापुढे लिंडनच्या फुलांचा चहा ठेवायची, आणि मग तासभर दोघांचं संभाषण असं चालायचं की ती बोलायची आणि तो भुवया हलवायचा. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. भुवयांवर सहज भागत होतं.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मात्र भुवयासुद्धा जड झाल्या होत्या.

"आज हरणार आपण," खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांना पाणी घालता घालता एल्वीरा म्हणाली.

झेनोनासनं डावी भुवई उचलली.

"असा बघू नकोस. मी हरा म्हणत नाहीये, हरणार म्हणतेय. व्हेंतुपेकडे तो सव्वादोन मीटरचा सर्ब आहे. आपल्याकडे कोण? वरचा. आणि वरच्याचे गुडघे काल दिवसभर माझ्या गोठवलेल्या मटारांच्या पिशव्यांखाली होते. ते मटार आता सुपात घालायचे की फेकायचे, तेवढं सांग."

वरचा म्हणजे वरच्या खोलीतला भाडेकरू. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात त्याचं नाव मार्कस टॉलिव्हर होतं. पण लिथुआनियात पुरुषाचं नाव असं बिनशेपटाचं ठेवत नाहीत. इथं आलेल्या प्रत्येकाला 'आस' नाहीतर 'इस' चिकटतो, मग तो पाहुणा मंत्री असो की बास्केटबॉल खेळणारा. तेव्हा तो झाला मार्कुसास टोलिवेरिस. हे सांगायचं नाव. हाक मारायची म्हटली की शेपूट पुन्हा बदलतं. झेनोनासला कुणी झेनोनास म्हणून हाक मारत नाही, 'झेनोनाइ' म्हणतात. तसंच रोज दुपारी एल्वीरा जिन्याखाली उभी राहून ओरडायची, "मार्कुसाइ, जेवायला!" आणि दोन मीटरचा माणूस लाकडी पायऱ्या करकरवत खाली यायचा.

सात महिने झाले तरी शेपटांचं हे गणित त्याला उमगलं नव्हतं. त्याला वाटायचं की आपल्याला इथं दोन नावं आहेत, एक हॉलमधलं आणि एक सुपाचं. तो स्वतः सगळ्यांना सांगायच्याच नावानं बोलवायचा. जेवताना म्हणायचा, "झेनोनास, मीठ."

"बघ, तुला मैदानात उतरवतोय," एल्वीरा हसायची.

मैदानात उतरवायचं काम खरं तर झेनोनासचं. लिनकावाच्या हॉलमध्ये सव्वीस वर्षं खेळाडूंची नावं पुकारणारा आवाज त्याचा होता. त्याआधी तो गावच्या लिनन गिरणीत लाउडस्पीकरच्या खोलीत होता. पाळी सुटली, अमक्याची सायकल फाटकात आडवी पडलीय, तमकीला मुलगा झाला, हे सगळं गिरणीला तोच सांगायचा. गिरणी बुडाली, तिनं बांधलेला हॉल तेवढा उरला. त्या हॉलमधून गावचा संघ धडपडत एकदाचा देशाच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये पोचला, आणि त्या दिवशी झेनोनास, पोटात दोन बिअर आणि छातीत गावभरचा आनंद घेऊन, माइकवर बोलून गेला, "जोवर आपण लीगमध्ये आहोत, तोवर हा घसा लिनकावाचा!"

अकराशे माणसांनी ते ऐकलं आणि पोरांना सांगितलं. त्रेचाळिसाव्या वर्षी उधळलेलं वाक्य तो आता एकोणसत्तराव्या वर्षी निस्तरत होता.

तीन हिवाळ्यांपूर्वी श्यौलै शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या घशात नळी घालून पाहिलं होतं. स्वरतंतूंवर दोन गाठी. तशा साध्या, पण ओरडत राहिलात तर आवाज कायमचा जाईल, असं त्या म्हणाल्या. गाडीत बसल्यावर एल्वीरानं पट्टा लावला. मग म्हणाली, "झेनोनाइ, मला म्हातारपणी भुवयांशी बोलत बसायचं नाही." त्यानं तिला शब्द दिला, की संघ लीगमधून खाली गेला की त्याच दिवशी माइक खाली ठेवीन. गावाला दिलेला शब्द मोडायचा नव्हता, बायकोला दिलेला पाळायचा होता. दोन्ही एकदम सुटायचे तर संघ पडायला हवा होता.

पण संघ पडेना. गेली दोन्ही वर्षं तळाशी राहून, शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला कुठून तरी जिंकला. गाव नाचलं. झेनोनासनं टाळ्या वाजवल्या आणि मनात म्हटलं, आणखी एक वर्ष.

आज पुन्हा तोच प्रसंग. लिनकावा आणि व्हेंतुपे, दोघंही तळाला. जो हरेल तो खाली.

सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रवचन सात मिनिटांत आटपलं. त्यांच्या झग्याच्या गळ्यातून संघाचा हिरवा मफलर डोकावत होता. झेनोनासनं एक मेणबत्ती लावली आणि तो तसाच उभा राहिला. जिंकू दे म्हणावं तर घसा जातो. हरू दे म्हणावं तर चर्चच्या भिंतीसुद्धा शेजाऱ्यांना जाऊन सांगतील. काही न मागताच तो बाहेर पडला. पण पायऱ्या उतरताना गुडघ्यांबरोबर मनही कुरकुरलं आणि त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं, आज हरलो तर बरं होईल. फार थकलोय मी.

सामना दुपारी तीनला होता. मैदानाच्या कडेच्या टेबलापाशी त्याच्या शेजारी नेहमीप्रमाणे तेक्ले बसली होती. तेक्ले गावच्या शाळेतली गणिताची निवृत्त बाई. अर्ध्या गावाला तिनं नापास केलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला घाबरवून पास केलं होतं. सामन्याचे गुण नोंदवायचं काम तिचं.

"थर्मासमध्ये काय आहे?" तिनं विचारलं.

"कोमट बिअर आणि मध."

"घशाला की मनाला?"

"तुझ्या शेजारी बसायला."

"तोंड चालतंय तुझं अजून. मला वाटलं मेलं असेल."

झेनोनासनं माइक हातात घेतला. जुन्या जोडीदाराच्या हातासारखा तो तळव्यात बसायचा. अंगठ्याखाली बटण, वर सरकवलं की चालू, खाली सरकवलं की बंद. चेंडू खेळात असेतो माइक मुका, हा त्यानं स्वतःला घातलेला नियम सव्वीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. शिट्टी वाजली, चेंडू थांबला, की अंगठा वर, नाव, अंगठा खाली.

त्यानं संघ पुकारला. नाव तो म्हणायचा, आडनाव हॉल म्हणायचा. शेवटी कर्णधार.

"मार्कुसाआआस..."

"टोलिवेरिस!" अकराशे गळे एकदम उघडले आणि छपराचे पत्रे थरथरले.

पहिल्या अर्ध्यात लिनकावा बारा गुणांनी मागे पडलं. तो उंच सर्ब फळीवरचे डबे उतरवावेत तसा वरच्यावर चेंडू उतरवत होता. आजूबाजूला लोकांचे चेहरे पडत चालले होते आणि झेनोनासच्या खांद्यांवरचं काहीतरी हळूहळू उतरत होतं. त्याला आपल्याच अंगाची लाज वाटली. त्यानं कोमट बिअरचा घोट घेतला आणि व्हेंतुपेच्या खेळाडूंची नावं जितक्या सभ्यपणे सांगता येतील तितक्या सभ्यपणे सांगितली.

"आज फारच शांत आहेस," तेक्ले म्हणाली.

"वय."

"तुझं वय मला मोजता येतं. बहाणे नकोत."

मग तिसऱ्या डावात मार्कुसास उठला. चौतिसाव्या वर्षी, मटारांनी थंड केलेले गुडघे पट्ट्यांत बांधून, तो जणू भाड्याच्या घरातलं सामान उचलावं तसा एकेक गुण उचलू लागला. घाई नाही, उड्या नाहीत. झेनोनासला त्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारावं लागलं. प्रत्येक 'मार्कुसास' घशातून वाळू ओढत बाहेर येत होतं. बारा गुणांचे सहा झाले, सहाचे दोन. शेवटच्या मिनिटात लिनकावा एका गुणानं पुढे गेलं. अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर.

अकरा सेकंद उरले असताना आपल्या प्रशिक्षकानं वेळ मागितली. झेनोनासनं अंगठा वर केला, "लिनकावानं वेळ मागितली आहे" म्हणाला आणि थर्मासचं झाकण उघडायला दुसरा हात पुढे केला. अंगठा खाली न्यायचा राहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

खेळ सुरू झाला. चेंडू मार्कुसासच्या हातात होता. काही करायचं नव्हतं, फक्त अकरा सेकंद टप्पे मारत चेंडू सांभाळायचा. तो टेबलाच्या अगदी जवळ होता, चार पावलांवर. झेनोनासला त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. एवढ्यात त्याला दिसलं, की मार्कुसासच्या उजवीकडे, पाठीमागून व्हेंतुपेचा नऊ नंबर, बुटका, चपळ, मांजरीसारखा वाकून येतोय. मार्कुसासला तो दिसत नव्हता. हॉल उभा राहून किंचाळत होता, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

त्या क्षणी झेनोनासला गाठी आठवल्या नाहीत, शब्द आठवला नाही. त्याला फक्त दिसलं, की वरचा आता फसतोय. आणि जिन्याखाली एल्वीराच्या मागे उभं राहून शेकडो वेळा ऐकलेलं त्याच्या ओठांवर आलं. मोठ्यानं नव्हे, घरात म्हणावं तसं.

"मार्कुसाइ..."

चारही लाउडस्पीकरांतून ते हॉलभर पसरलं.

मार्कुसासनं मान वळवली. उजवीकडे वळवायला हवी होती, त्यानं डावीकडे, टेबलाकडे वळवली. जेवायला बोलावल्यावर वळवतात तशी. चेंडू हातातून गेला. नऊ नंबर एकटाच धावत सुटला, वर उडाला, जाळीतून चेंडू पडला आणि भोंगा वाजला. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी.

आवाज कुणीतरी बंद केल्यासारखा हॉल गप्प झाला. त्या शांततेत झेनोनासचा श्वास स्पीकरमधून घरघरत ऐकू येत होता. तेक्लेनं हात पुढे केला, त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि बटण खाली सरकवलं.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर, जिंको वा हरो, सगळ्या खेळाडूंची नावं एकदा पुकारायची रीत होती. लोक उभेच होते. झेनोनास उठला. एकेक नाव त्यानं सांगितलं. सातव्या नावाला आवाज फाटला, हॉलनं ते नाव पूर्ण केलं. शेवटी त्यानं "मार्कुसास" म्हटलं, जेमतेम, आणि अकराशे माणसांनी "टोलिवेरिस" म्हटलं, सकाळी दूधवाल्याला नमस्कार करावा इतक्या साध्या आवाजात. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी टेबलाकडे बोट दाखवलं नाही. त्या साधेपणानं झेनोनासला जास्तच खचवलं.

घरी तिघं जेवायला बसले तेव्हा बाहेर अजून लख्ख ऊन होतं. एल्वीरानं थंड बीटाचं गुलाबी सूप वाढलं, वर शेपूची पानं, वेगळ्या ताटलीत वाफाळते बटाटे.

"एल्वीरा," मार्कुसास म्हणाला, "तुम्ही आलात हॉलमध्ये?"

"मी? मी इथं बटाटे सोलत होते. रेडिओवर ऐकला सामना."

"मग कोण? मी ऐकलं. 'मार्कुसाइ.' सुपाचं नाव." त्यानं चमचा खाली ठेवला. त्याचे शब्द तोकडे होते, तो एकेक शोधून मांडत होता. "मला वाटलं एल्वीरा बोलावते. मी बघितलं. मूर्ख मी. अकरा सेकंद, आणि मी सूप शोधतो."

झेनोनासच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "मी होतो तो," तो कुजबुजला.

"झेनोनाइ, घसा," एल्वीरा म्हणाली.

"राहू दे घसा. मार्कुसाइ, तो नऊ नंबर तुझ्या मागून येत होता. तुला सांगायला गेलो. बटण चालू राहिलं होतं. तुला वाचवायला गेलो आणि तुझी मान भलतीकडे फिरवली." तो थांबला, पाणी प्याला. "आणि एवढंच नाही. सकाळपासून मी वाट बघत होतो. हरण्याची. संघ पडला की मी सुटणार होतो."

मार्कुसासला सगळं कळलं नाही. तो एल्वीराकडे बघू लागला. तिनं सोप्या शब्दांत, हळूहळू, नवऱ्याची बाजू न घेता आणि न सोडता सगळं पुन्हा सांगितलं. घशातल्या गाठी, जुनं वाक्य, तिला दिलेला शब्द. सांगताना ती टेबलावरचा पाव विनाकारण कापत होती.

"पूर्ण सामना हरायचं होतं?" मार्कुसासनं विचारलं.

"शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत," झेनोनास म्हणाला.

"आणि मग जिंकायचं?"

"मग जिंकायचं."

मार्कुसासनं विचार केला. "वाईट वेळ निवडली," तो म्हणाला. "फार वाईट वेळ." आणि त्याचे खांदे हलायला लागले. आधी एल्वीराला वाटलं तो रडतोय. तो हसत होता, पण दमलेला माणूस हसतो तसं, आवाज न करता, डोळे मिटून. "अकरा क्लब खेळलो मी, झेनोनास. अकरा. लोक माझं नाव ओरडले. चांगलं, वाईट. मान कधी वळली नाही." मग त्यानं वाडगा पुढे केला. "एल्वीरा, अजून आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता संघाचा व्यवस्थापक एइमुतिस दारात गाडी घेऊन आला. एरवी त्याचं टायरचं दुकान होतं आणि पोटही टायरसारखंच. हंगाम संपला होता, मार्कुसासला विल्नियसच्या विमानतळावर सोडायचं होतं. इथं उंबऱ्यावरून हात मिळवणं अशुभ मानतात म्हणून तो आधी आत आला, मग हात पुढे केला.

"झेनोनाइ, एक विचारू का? सव्वीस वर्षांपूर्वी तुम्ही काय म्हणाला होतात? 'जोवर आपण लीगमध्ये आहोत.' कुठल्या लीगमध्ये, ते नाही म्हणाला होतात."

झेनोनासनं दोन्ही भुवया उचलल्या.

"दुसरी लीग हीसुद्धा लीगच. मी काल पाद्रीबाबांनाही विचारलं. म्हणाले, व्याकरणाच्या दृष्टीनं एइमुतिसचं बरोबर आहे."

"एइमुति," झेनोनास मोठ्या कष्टानं कुजबुजला, "कालची ती हाक..."

"ऐकली. ते लाउडस्पीकर मीच बसवलेत."

"मग कुणी काही बोललं का नाही?"

"कसं बोलणार? तेक्लेबाई फाटकात उभ्या होत्या. जो झेनोनासबद्दल तोंड उघडेल त्याचे दहावीचे गणिताचे गुण चौकात वाचून दाखवीन म्हणाल्या. माझे त्यांना अजून पाठ आहेत." एइमुतिसनं टोपी काढून डोकं खाजवलं. त्याचे डोळे सुजले होते. "आणि बोलून काय होणार होतं? सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही त्याला हाकच मारत होतात. ऑक्टोबरात नवा हंगाम सुरू झाला की या हो. सामने कमी, गर्दी कमी, ओरडायला नको."

झेनोनास खिडकीकडे गेला. काल माइक कोटाच्या खिशात तसाच घरी आला होता आणि एल्वीरानं तो टोमॅटोच्या रोपांमध्ये ठेवून दिला होता. त्यानं त्याच्यावरची माती बाहीनं पुसली.

एल्वीरा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही, पण तिचा हात थांबला होता.

"नको, एइमुति," झेनोनास म्हणाला आणि त्यानं माइक त्याच्या तळव्यात ठेवला. "मी म्हणालो तेव्हा एकच लीग डोक्यात होती. व्याकरण पाद्रीबाबांना लखलाभ. तेक्लेला दे हा."

"तेक्लेबाईंना? खेळाडू घाबरतील."

"घाबरू देत. खाली गेलेल्या संघाला थोडं भ्यायला हवंच."

एइमुतिस हसला नाही. त्यानं माइक आतल्या खिशात ठेवला, काच असावी तसा. "उशीर होतोय," तो म्हणाला. "वरचा उठलाय का?"

एल्वीरा मार्कुसाससाठी काळा पाव आणि जिऱ्याचं चीज कागदात बांधत होती. हात तुपकट झाले होते. "तू हाक मार," ती नवऱ्याला म्हणाली. "पण हळू."

झेनोनास जिन्याखाली आला. त्यानं कठड्यावर हात ठेवला. अकरा वाजायला अजून तीन तास होते, घसा पुरता उघडला नव्हता. त्यानं घसा खाकरला, श्वास घेतला.

"मार्कुसाइ!"

आवाज फुटका निघाला आणि अर्ध्या पायऱ्यांपर्यंतच पोचला असावा. वर सुटकेसचं कुलूप टकटकलं. मग पाऊल वाजलं.

"आलो, झेनोनाइ."

ओट्यापाशी कागदाची घडी घालणारी एल्वीरा थांबली आणि तिनं वर बघितलं. झेनोनास कठडा धरून तिथंच उभा होता. पायऱ्या करकरू लागल्या.